पसाऱ्याची उशी

१

केस कापताना डावा हात उचलायचा नाही, हे मी पार्लरमध्ये शिकले आणि पुढे कुत्र्यालाही तेच लागू पडलं. उजव्या हातात मशीन, डावा कायम पाठीवर. तो हात तिथे आहे तोवर कुत्र्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. उचलला की ते बिथरतं. माझ्या गिऱ्हाईक बायकांचंही काही वेगळं नव्हतं म्हणा.

आमच्या कुत्र्याचं नाव पसारा. नाव ठेवलं आमच्या चिरंजीवांनी आणि नंतर नोकरीसाठी ते दूरच्या गावी निघून गेले. मागे राहिलो आम्ही तिघं: मी, सूनबाई आणि पसारा. पांढरा, दांडगा, अंगावर दोन कुत्र्यांना पुरतील एवढे केस. जाईल तिथे ते सांडत जाणार. सोफ्यावर केस, उशांवर केस, चहात केस.

सूनबाईचा त्याच्यावर जीव, पण तिचं नाक मात्र त्याच्या विरोधात. तो जवळ आला की शिंका सुरू. एकदा तर तिची छाती अशी भरून आली की खिडकीचे गज धरून ती श्वासासाठी धडपडत होती. त्या दिवशी तीच रडत म्हणाली, "आई, आता याला कुणाला तरी द्यावं लागणार हो." पसारा तिच्या पायावर डोकं टेकून पडला होता. तिने पाय काही मागे घेतला नाही.

मग घरात ते मशीन आलं. तळहातात मावणारं केस कापायचं यंत्र, त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला हवा ओढणारा डबा. कापलेला केस जमिनीवर पडायच्या आत डब्यात. रविवारी सकाळी बाथरूमसमोरच्या जागेत मी स्टुलावर बसायचे. मशीन घरघरलं की पसारा आपण होऊन उठायचा, अंग झाडायचा, त्याचे कान गालांवर फटफट आपटायचे, आणि मग तो शहाण्यासारखा माझ्या पुढ्यात येऊन उभा राहायचा. एक केस इकडचा तिकडे होत नसे. सूनबाई काळे कपडे घालून ऑफिसला जायला लागली. मी तर मुद्दाम भिंग लावून सोफा तपासला. काही नाही! मला एवढा अभिमान वाटला की चिरंजीवांना फोन करून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

२

डब्यातले केस फेकायचं माझ्या जिवावर आलं. पार्लरमध्ये मी बायकांच्या गळलेल्या केसांची गंगावनं करून द्यायचे. जिचे केस तिलाच, आणि एकीचे दुसरीत मिसळायचे नाहीत, हा माझा नियम. पसाऱ्याचे केसही मी धुतले, सुकवले, पिंजले आणि जाड कापडाच्या खोळीत भरत गेले. दर रविवारी खोळ थोडी उसवायची, नवे केस भरायचे, पुन्हा शिवायची. त्याची त्यालाच गादी होईल, असा विचार होता.

पसारा त्या उशीवर बसला नाही. नुसता बसला नाही असंही नव्हे. उशी दिसली की कान पाडून भिंतीच्या कडेकडेने जायचा. "दाताखाली बूट चालतो, पण गादी चालत नाही साहेबांना," मी म्हटलं आणि उशी माझ्या खोलीत आरामखुर्चीत ठेवली.

आणि काय सांगू, माझ्या गुडघ्यांचं सोनं झालं. दुपारी उशी मांडीवर घेऊन बसलं की आतपर्यंत शेक लागायचा. इतकी वर्षं उभं राहून केस कापलेले गुडघे. डॉक्टरांनी त्यांच्यावरची आशा सोडलेली. आता मी जिना चढायला लागले. केसांत ऊब असतेच, लोकरीत नसते का? मी स्वतःला असंच सांगितलं. फक्त एक गोष्ट मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. मी खोलीत येऊन उशी उचलायचे तेव्हाही ती कोमटच असायची.

इकडे पसाराही गुणी झाला होता. भुंकणं नाही, दारावरच्या माणसावर झेप नाही. सूनबाई संध्याकाळी यायची, त्याच्या गळ्यात पडून त्याच्या मानेत तोंड खुपसायची. शिंक नाही! "आई, मशीनने जिंकून दिलं आपल्याला!" असं ती म्हणायची आणि दोघी खूश व्हायचो.

३

माशी शिंकली ती एका सुट्टीच्या दिवशी. माशी कसली, सूनबाईच शिंकली.

ती चादरी बदलायला माझ्या खोलीत गेली आणि तिथून शिंकांची माळ सुरू झाली. डोळे लाल, नाक हातात, अशी ती बाहेर आली. "पसारा कुठल्या कोपऱ्यात बसलाय हो? दिसला नाही."

पसारा माझ्या पायाशी होता. सकाळपासून तिथेच होता.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग ती वाकली, त्याच्या अंगावर नाक टेकवून तिने दीर्घ श्वास घेतला आणि तशीच थांबली. शिंकेची वाट बघताना माणूस जसा थांबतो तशी. शिंक आली नाही.

"याला वासच नाहीये, आई," ती हळूच म्हणाली.

"मी शाम्पू लावते त्याला."

"शाम्पूचाही नाहीये."

मी तिला उशीचं सांगितलं. तिचा चेहरा निवळला. केसांची उशी खोलीत असल्यावर शिंका येणारच, हे तर कुणालाही कळेल. तिने मला दोन शब्द सुनावले, मी ऐकून घेतले, उशीवर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि विषय संपला.

त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पसारा समोर झोपलेला. आणि माझ्या खोलीतून फरशीवर नखं वाजली. टक, टक, टक, आणि मग एक वळसा घेऊन धप्प. ते आपल्या कुत्र्याचं चालणं आहे, हे ओळखायला कुत्र्याच्या माणसाला डोळे लागत नाहीत. पसारा झोपण्याआधी तसाच वळसा घ्यायचा. मी पेपर खाली ठेवला. पसाऱ्याने डोळे उघडले, त्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. म्हाताऱ्या माणसाने आपल्या विकून टाकलेल्या दुकानाकडे बघावं, तसं त्याचं ते बघणं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की पसाऱ्याची नखं मी बरेच दिवस ऐकलेलीच नाहीत.

खोलीत गेले. उशी खुर्चीत होती. पिशवी खाली पडली होती. पंख्याने पडली असेल, असं मी म्हटलं, आणि मग वर पाहिलं. पंखा बंद होता.

४

त्याला डॉक्टरिणीकडे नेलं. गाडीत चढवायला पूर्वी आम्हा दोघींना घाम फुटायचा. एकीने पुढून ओढायचं, दुसरीने मागून ढकलायचं. त्या दिवशी मी त्याला एकटीने काखेत घेतलं. रिकामी सुटकेस उचलावी तसं.

डॉक्टरिणीने काटा बघितला, काट्याला टपली मारली, पुन्हा बघितला. "काटा बिघडलेला दिसतोय," ती म्हणाली. तपासलं, रक्त घेतलं. काही सापडलं नाही. "खातो का?"

"खातो."

"मग वय झालं असेल."

"चार पायांवर चालणारा कापूस व्हायचं वय असतं का हो?" मी विचारलं. तिला ते आवडलं नाही.

पण मला खरं हादरवलं ते बाहेरच्या बाकांवर. एक मांजर पिंजऱ्यात बसलं होतं. पसारा त्याच्या नाकासमोरून गेला, पण मांजराने मान वळवली नाही. त्याच्या लेखी तिथून वारासुद्धा गेला नव्हता. मग मागून मी आले. ते मांजर पाठीची कमान करून माझ्या मांडीकडे बघत असं फिस्कारलं की त्याच्या मालकाने पिंजरा छातीशी धरला. निघण्याआधी दुपारभर मी गुडघ्यांसाठी उशी मांडीवर घेऊन बसले होते.

घरी आलो. जिन्यात सूनबाई म्हणाली, "आई, ती उशी टाका."

५

मी काही भित्री बाई नव्हे. पण उशी उचलायला मला दोन्ही हात लागले आणि कमरेतून कळ आली. वाळलेल्या केसांना एवढं वजन कुठून येतं, याचा विचार मी लिफ्टचं दार लावेपर्यंत केला नाही. लिफ्ट खाली निघाली. उशी माझ्या पोटाशी होती, आणि माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. मी श्वास धरून पाहिला. ती वरखाली होतच राहिली.

खाली कचऱ्याच्या पिंपाचं झाकण उघडलं तोच फोन वाजला.

"आई, परत या!" सूनबाई ओरडत होती. "तो दारापर्यंत सरपटत आला आणि आडवा पडला. श्वास घेत नाहीये! ऐकताय ना? परत या!"

लिफ्ट वर निघून गेली होती. मी जिन्याने पळाले. ते गुडघे ज्या उशीने बरे केले तीच छातीशी धरून मी धापा टाकत चढत होते. फोन तसाच चालू होता. मजल्यामजल्याला सूनबाईचा आवाज बदलत गेला. "हलला... आई, पोट हललं... घेतला, श्वास घेतला!"

मी दारात पोचले. पसारा फरशीवर पसरलेला. त्याच्या डोक्याशी ती बसली होती. मी उशी घेऊन उंबरा ओलांडला आणि सूनबाई शिंकली.

तेव्हा आम्हा दोघींना एकदमच कळलं. ते बोलून दाखवायला मात्र धीर होईना, म्हणून मी चहा टाकला. कप हातात घेऊन सूनबाई म्हणाली, "आधी तो घरभर होता, नाही का?"

"हो."

"आपण सगळा एका जागी गोळा केला."

जिचे केस तिलाच, मिसळायचे नाहीत, एकही वाया घालवायचा नाही. माझी शिस्त! जन्मभर जिचा तोरा मिरवला ती.

"मग पांगवू या," मी म्हणाले. "पण तू खाली जाऊन बस. बंद घरात एवढे केस उडाले तर तुझं काय होईल, ठाऊक आहे ना?"

"जाणार नाही."

"अगं, हट्टीपणा करू नकोस. छाती भरली तर मी एकटी कुणाकुणाकडे बघू?"

"माझं नाक आहे, मी बघून घेईन," ती म्हणाली. तिने ओढणी नाकातोंडावर बांधली, औषधाचा फवारा मुठीत धरला आणि खिडक्या लावायला उठली. एकही केस घराबाहेर जायला नको होता. सून माझ्यावर गेलीय असं लोक म्हणतात, ते तेव्हा पहिल्यांदा पटलं.

६

बाथरूमसमोरच्या जागेत पसाऱ्याला ठेवलं. सूनबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डबा मी रिकामा केला. मशीन हवा ओढतं तशी डब्याच्या मागच्या तोंडाने ती बाहेर फेकतंही. नळी काढून मी त्या तोंडाला बसवली.

उशी मी माझ्या खोलीत खुर्चीत ठेवून आले होते. आणू म्हणून उठले, तेवढ्यात माझा धक्का लागून बटण दाबलं गेलं. मशीन घरघरलं.

पसारा हलला नाही. माझ्या खोलीत मात्र काहीतरी उठलं. उठलं आणि त्याने अंग झाडलं. कानांची फटफट स्पष्ट ऐकू आली.

"आई," सूनबाई माझ्या मागे बघत म्हणाली.

मी वळले. उशी दारात होती. पडलेली नव्हती, ठेवलेली नव्हती. आडव्या कडेवर उभी होती, शहाण्यासारखी. कुणीतरी हाक मारायची वाट बघत असावं तशी.

मला पळता आलं असतं. पण मशीन चालू असताना समोर जनावर येऊन उभं राहिलं की माझे हात आपोआप कामाला लागतात. मी स्टुलावर बसले. "ये रे," मी म्हणाले. माझा आवाज कुठून आला कोण जाणे. मग मी डोळे खाली घातले, आणि ते पुढ्यात आल्यावरच माझा डावा हात त्याच्यावर ठेवला.

कापडाखाली पाठ होती. कणा होता. मधोमध केसांचा भोवरा होता, थेट पसाऱ्याच्या पाठीवर आहे तिथेच. मी पिंजून विस्कटून भरलेल्या केसांनी पुन्हा आपापली दिशा धरली होती.

उजव्या हाताने मी टाके उसवायला लागले. आतून गुरगुर आली. इकडे पसारा कण्हला. "थांबू नका," सूनबाई म्हणाली. शेवटचा टाका मी कापला नाही. तो आतून तटकन तुटला. आणि त्या फटीतून एक ओली, कोमट जीभ बाहेर आली आणि माझा तळवा चाटून आत गेली.

माझं धैर्य तिथे संपलं असतं. भीतीने नव्हे, मायेने. ती जीभ त्याचीच होती. जे आत होतं ते काही परकं, दुष्ट नव्हतं; तोच होता, एका खोळीत कोंडलेला, आणि त्याला तिथे नीटनेटकं कोंडणारी मी. फटीत बघायचा मोह झाला. मी डोळे घट्ट मिटले, पण मिटता मिटता काळंभोर, चकाकतं काहीतरी माझ्याकडे बघताना दिसलंच. त्यापुढे मला विचारू नका.

"घर तुझंच आहे, राजा," मी म्हणाले, "सगळं घर." डावा हात न उचलता मी नळी फटीत खुपसली.

७

खोळ फुगली, धडपडली, माझ्या हाताखाली एकदा झेपावली, आणि फुटली.

केसच केस! छतापर्यंत केस. दिव्याभोवती, पडद्यांवर, माझ्या तोंडात, चहाच्या कपांत. मी आंधळ्यासारखी नळी फिरवत सुटले. स्वयंपाकघर, सोफा, सूनबाईचं काळ्या कपड्यांचं कपाट. एकही कोपरा सोडला नाही. ज्या घरासाठी भिंग लावून फुशारक्या मारल्या ते घर मी स्वतःच्या हाताने बुडवत होते आणि मोठमोठ्याने हसत होते. मागे सूनबाई शिंकत होती. एक शिंक संपायच्या आत दुसरी. मग खोकला. मग फवाऱ्याचा फुस्स आवाज, आणि क्षणभर काहीच नाही.

मी मशीन बंद केलं.

त्या शांततेत आणखी एक शिंक आली. पण ती सूनबाईची नव्हती. ओली, रागीट, मोठी. आणि पाठोपाठ फरशीवर नखं वाजली.

पसारा उभा होता. त्याने अंग झाडलं, कान फटफटले, आणि तो असा भुंकला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. ठोका म्हणावं, हवी तेवढी ठोका! मग त्याने झेप घेतली. सगळं वजन घेऊन, पूर्वीसारखी, बेशिस्त. मी स्टुलासकट मागे कोसळले. गुडघ्यातून अशी सणक गेली की डोळ्यांपुढे तारे चमकले. तो जुना, ओळखीचा, हक्काचा ठणका परत आला होता. मी आनंदाने ओरडले.

सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, नाकाचा टोमॅटो झालेला. पसारा माझ्यावरून तिच्याकडे गेला. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि दणकून शिंकली. "आला," ती म्हणाली. पुन्हा शिंकली. "आई, आला हो हा!" हसत होती, रडत होती, शिंकत होती, त्यातलं कुठलं काय ते वेगळं काढता येत नव्हतं.

चिरंजीवांनी संध्याकाळी व्हिडिओवर घर पाहिलं आणि विचारलं, "हे काय झालंय तिथे?" मी म्हटलं, "तूच नाव ठेवलंस ना? मग सोस आता."

आता सूनबाई रोज गोळी घेते, तिच्या खोलीचं दार लावून झोपते आणि काळे कपडे घालत नाही. पसाऱ्याला कुणाला द्यायची भाषा मात्र या घरात पुन्हा निघाली नाही. मशीन आहे, रविवारही आहे. पण डबा भरला की पूर्वी केरात जायचे तसे निम्मे केस मी बाहेर टाकते आणि निम्मे घरात सोडते, मूठमूठ, सोफ्याखाली नि पडद्यामागे. फाटकी खोळ मी चिंध्या करून निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या पिंपांत टाकली. त्या वेळी पसारा प्रत्येक खेपेला दारात बसून शेपटी आपटत होता.

तरी दुपारी कधी कधी माझ्या खोलीत बसले असताना मनात पाल चुकचुकते. रिकाम्या आरामखुर्चीकडे बघायचं मी टाळते. हात आपोआप मांडीवर जातो, तिथे काही नसतं, गुडघे थंड असतात आणि ठणकत असतात. मग मी कान देऊन वाट बघते.

आत्ताही बघत होते. स्वयंपाकघरात भांडं पडलं, सूनबाईचा ओरडा ऐकू आला, फरशीवर नखं धावली. आणि मग आली ती, घर हादरवणारी, सणसणीत शिंक.

"कुठे आहे गं तो?" मी मुद्दाम विचारलं.

"माझ्या पायात!" ती ओरडली आणि पुन्हा शिंकली.